लागोसच्या अंगणात बिटर लीफ: लावायचं कसं, धुवायचं कसं आणि औषध म्हणून कितपत

नायजेरियात नवीन आलेली आपली मंडळी पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकदा तरी विचारतातच की ते बिटर लीफ म्हणजे नक्की काय, ऑफिसातले लोक म्हणतात शुगरला चांगलं, पोटाला चांगलं, मलेरियाला पण चांगलं, आणि आमच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून एक झुडूप आहे तेच का ते. बहुतेक वेळा तेच असतं. इकडे घराघरात ते असतं, कुणी मुद्दाम लावलेलं, कुणी कुंपण म्हणून, तर कुठे आधीच्या भाडेकरूने लावून गेलेलं. मग लगेच दुसरा प्रश्न येतो की रोज किती पानं खायची. त्याचं उत्तर खाली येईलच, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा.

हे झाड तुम्हाला भाजी म्हणून पाहिजे की औषध म्हणून, ते आधी ठरवा. कारण दोन्ही एकाच वेळी होत नाही. पानात जे कडू आहे तेच औषधी म्हणून ओळखलं जातं, आणि सूप करायचं तर तेच कडू आपण चोळून चोळून धुवून टाकतो. त्यामुळे पार्टीत सूप खाऊन "आज औषध झालं" म्हणणारे आणि घरी न धुतलेल्या पानांचा पेलाभर रस काढून "भाजीच तर आहे, काय होतंय" म्हणणारे, दोघांचाही गोंधळ एकच आहे. माझं मत विचाराल तर नवीन माणसाने भाजीपासून सुरुवात करावी. मजा त्यातच आहे.

आधी ओळख पटवा

बाजारात किंवा माळ्याला विचारताना समोरचा कुठला आहे ते बघून नाव घ्या. इग्बो बाई असेल तर ओनुग्बू, योरुबा असेल तर एवुरो, आणि कंपाउंडचा माळी किंवा मैगार्ड, म्हणजे गेटवरचा पहारेकरी, उत्तरेकडचा हौसा असेल तर शुवाका. नुसतं बिटर लीफ म्हटलं तरी सगळ्यांना कळतं, पण त्यांच्या भाषेत विचारलं की भाव पण जरा नीट सांगतात हा सगळ्यांचा अनुभव.

झुडूप साधारण माणसाच्या उंचीचं ठेवतात, मोकळं सोडलं तर पाच मीटर आणि त्याहून वर पण जातं. पान लांबट, टोकाला निमुळतं, मोठं पान वीतभर, रुंदी चार-पाच सेंटीमीटर, कडेला बारीक दाते, आणि रंग मंद हिरवा, आंब्याच्या पानासारखी चकाकी नसते. जुन्या फांदीची साल राखाडी-तपकिरी आणि खरखरीत. फुलं पांढरट, बारीक झुबक्यांची, मधमाश्या भरपूर येतात. सूर्यफूल-झेंडूच्या कुळातलं आहे, आणि आपल्याकडे जंतांवर म्हणून आजी जे कडू जिरे द्यायची ते याच्याच भावकीतलं. पूर्वी दोघांनाही शास्त्रज्ञ व्हर्नोनिया म्हणायचे, आता या आफ्रिकन झाडाला जिम्नॅन्थेमम ॲमिग्डॅलिनम म्हणतात, पण पुस्तकात आणि नर्सरीत अजून व्हर्नोनिया ॲमिग्डॅलिनाच लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, झाड एकच.

गल्लत दोन ठिकाणी होते. एक म्हणजे उताझी, ते पण कडूच आणि इग्बो स्वयंपाकात असतं, पण ती वेल आहे आणि पान पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं. दुसरी गल्लत भारतातून आलेल्या लोकांची, आपल्याकडे "इन्सुलिन प्लांट" म्हणून कुंडीत जे लावतात ते आल्याच्या नात्यातलं कॉस्टस, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. शंका असेल तर माळ्याला विचारा, आणि त्याने होकार दिला की पानाचा नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवून थुंका. एकदा चव घेतली की परत विचारावं लागणार नाही.

फांदी कुठली घ्यायची

बी शोधत बसू नका. बी नीट उगवत नाही आणि कुणी तसं लावत पण नाही, सगळे फांदीच लावतात. कापण्याआधी त्या झाडाचं एक पान चावून बघा कारण सगळी झाडं सारखी कडू नसतात, काही जरा सौम्य असतात, आणि फांदीवरून वाढलेलं झाड अगदी आईसारखंच निघतं. भाजीसाठी लावताय तर सौम्य झाडाची फांदी मागा, शेजारचे कुणीही आनंदाने देतात, कारण छाटणी त्यांना करायचीच असते.

फांदी हिरवी कोवळी नको आणि अगदी जून लाकूड पण नको, मधली, तपकिरी पडायला लागलेली, बोटाएवढी जाड. लांबी वीत ते सव्वा वीत, म्हणजे २० ते ३० सेंटीमीटर, त्यात चार-पाच डोळे तरी आले पाहिजेत. खालचा काप तिरका मारा आणि वरचा सरळ, म्हणजे उलटी लावली जाणार नाही (हसू नका, होतं असं). पानं सगळी काढून टाका, टोकाला एखादं छोटं राहिलं तर चालेल. मोठी पानं ठेवली की मुळं नसलेली फांदी त्या पानांतूनच वाळते.

लावणी

वेळ म्हणजे पाऊस सुरू होतानाची. लागोसला मार्च अखेर ते एप्रिल. जून-जुलैचा धो-धो पाऊस येईपर्यंत मुळं धरलेली असली पाहिजेत, कारण या झाडाला पाणी आवडतं पण पाण्यात उभं राहणं आवडत नाही. लेक्कीकडे राहत असाल तर हे जास्त लक्षात ठेवा, तिकडे रेताड जमीन आणि पावसात अंगणात तळं, तिथे मातीचा उंचवटा करून लावा नाहीतर सरळ बादलीत लावा. एप्रिल हुकला तर ऑगस्टमध्ये पाऊस थोडा थांबतो तेव्हा लावलेलं सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दुसऱ्या पावसावर छान धरतं. हरमॅटनमध्ये, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, ती कोरडी धुळीची हवा सुरू असताना लावू नका, रोज पाणी घालून दमाल.

फांदीची अर्धी लांबी मातीत, जरा तिरपी. काही लोक उभी लावतात, तीही लागते, पण तिरपी लावली की जास्त डोळे मातीजवळ राहतात आणि खालून जास्त फुटवे येतात, भाजीसाठी तेच पाहिजे. माती अंगठ्याने घट्ट दाबा. दोन झाडांत एक मीटर अंतर ठेवा, कुंपण करायचं असेल तर अर्धा मीटर. पहिले पंधरा-वीस दिवस माती ओलसर, कडक उन्हाला जरा आडोसा, आणि फांदी लागली का बघायला उपटून बघू नका. दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांतून हिरवं बाहेर आलं की समजा जमलं. तीन-चार फांद्या एकदम लावा, एखादी जातेच.

फ्लॅटवाल्यांनी वीस लिटरची रिकामी पेंटची बादली घ्या. इथे बाजारात गारी (कसावाचा रवा) आणि घेवडे पण "पेंट"नेच मोजून विकतात, तर रिकाम्या बादल्यांना तोटा नाही. तळाला भोकं पाडा, थोडी खडी, वर माती आणि कुजलेलं कोंबडीखत तीनास एक. कोंबडीखत इथे स्वस्त आणि कुठेही मिळतं पण ताजं कधीच घालू नका, मुळं जळतात, आणि वास असा येतो की शेजारी बोलायचं बंद करतील. बाल्कनीत ऊन पाहिजे, सावलीत झाड जगतं पण काटकुळं होतं आणि पानं विरळ.

कीड फार लागत नाही, एवढं कडू कोण खाणार. मात्र शेळ्या खातात. कंपाउंडमध्ये कुणाच्या शेळ्या येत असतील तर पहिले तीन महिने आडोसा करा. पानांखाली पांढरा ढेकूण दिसला तर साबणाचं पाणी मारून धुवून काढा, रासायनिक औषध मारू नका, पानं खायची आहेत.

छाटणी, जी सगळे टाळतात

आपल्या लोकांना झाड कापायला जीव होत नाही आणि मग तीन वर्षांनी छपराएवढं झालेलं झाड, वर चार पानं, खाली नुसत्या काठ्या. लावल्यावर दोन-अडीच महिन्यांनी शेंडा खुडा. मग बाजूने फुटवे येतात, ते हातभर झाले की परत खुडा. झाड छातीच्या वर जाऊ द्यायचं नाही. काढणी करताना एकेक पान ओरबाडण्यापेक्षा कोवळे शेंडे पानांसकट कापा, तीन-चार आठवड्यांनी परत तेवढंच मिळतं. कोरड्या दिवसांत फुलायला लागलं की पानं बारीक आणि कमी येतात, तेव्हा फुलांचे तुरे कापून टाका, आणि पाऊस यायच्या आधी सगळं झाड गुडघ्याएवढं छाटून बुडाशी खत घाला. क्रूर वाटेल. पण पावसात जे फुटतं ते बघाच.

धुणं

आता खरं काम. सगळी कला इथे आहे आणि इग्बो घरात सुनेची परीक्षा बघतात असं गमतीने म्हणतात ते यावरूनच.

पानं आधी साध्या पाण्यात धुवून माती काढा, मधली जाड शीर काढून टाका, मोठी पानं हाताने फाडा. मोठ्या घमेल्यात घेऊन मूठभर जाडं मीठ टाका आणि कपडे चोळतात तसं दोन्ही हातांनी चोळा. हिरवा फेस यायला लागतो, खरंच साबणासारखा फेस, कारण पानात सॅपोनिन असतात. पाणी घाला, पिळा, ते गडद हिरवं पाणी फेकून द्या, परत चोळा. पाच-सहा पाण्यांनंतर फेस कमी होतो आणि पाणी फिकट होतं. मग एक तुकडा चावून बघा. अजिबात कडू लागता कामा नये असं नाही, मागून हलकी कडू चव राहिली पाहिजे, कारल्याला मीठ लावून पिळल्यावर राहते तेवढी. सगळं काढून टाकलं तर मग पालकच का नाही घेत.

काही जण चोळायचा कंटाळा म्हणून पानं अकान्वू घालून उकळतात. अकान्वू म्हणजे खडकाळ खार, योरुबा त्याला काउन म्हणतात, आपल्या पापडखारासारखाच प्रकार. त्याने पानं पटकन मऊ पडतात आणि कडूपणा जातो, पण पानातलं बरंच काही सोबत जातं आणि हा खार म्हणजे सोडियम आहे, त्यामुळे बीपी किंवा किडनीचा त्रास असणाऱ्यांनी तो टाळावा. घाई असेल तर साध्या पाण्यात दहा मिनिटं उकळून मग चोळा, तेवढं पुरतं.

बाजारात धुतलेली पानं पण मिळतात, गोळे करून ठेवलेली. माईल ट्वेल्व्हला किंवा तुमच्या जवळच्या बाजारात भाजीवाल्या मम्मीला "वॉश बिटर लीफ" म्हणून मागा. घरी आणून परत एक-दोन पाण्यांनी धुवा, कुठल्या पाण्यात धुतलं होतं ते कुणाला माहीत. घरची जास्त झाली तर धुवून पिळून लिंबाएवढे गोळे करून फ्रीझरमध्ये टाका. लाइट गेली तरी हा प्रकार जनरेटर सुरू होईपर्यंत तग धरतो.

सूप

ओफे ओनुग्बू हे इग्बो लोकांचं सूप, त्यातही अनाम्ब्रावाल्यांचा त्यावर हक्क असल्यासारखा अभिमान. त्याला दाटपणा येतो कोकोयाममुळे, आणि कोकोयाम म्हणजे आपल्या अळकुड्याच किंवा त्यांचे मोठे भाऊ. अळकुड्या सालासकट उकडा, सोलून गरम असतानाच उखळात किंवा मिक्सरमध्ये गुठळी न ठेवता वाटा, चिकट गोळा झाला पाहिजे. दुसरीकडे मटण किंवा बीफ आणि भिजवलेलं स्टॉकफिश (कडक वाळवलेला मासा) शिजवा, त्यात लाल पाम तेल, दळलेलं क्रेफिश (सुकी बारीक कोळंबी), मिरची, आणि थोडं ओगिरी. ओगिरीचा वास पहिल्यांदा सहन होत नाही, आंबवलेल्या एरंडीच्या बियांपासून करतात, घरी आणलं तर तीन पिशव्यांत बांधून ठेवा. उकळी आली की अळकुडीच्या गोळ्याचे छोटे तुकडे सोडा, झाकण ठेवा, दहा-बारा मिनिटांत ते विरघळून रस्सा दाट होतो, मग धुतलेली पानं घालून अजून पाच-सात मिनिटं. पाऊंडेड याम (उकडून कुटलेला याम कंद) किंवा एबा (गरम पाण्यात मळलेली गारी) याबरोबर खातात. पहिल्या घासाला तोंड वाकडं होईल, तिसऱ्याला नाही.

शाकाहारी लोकांसाठी खरं तर कॅमेरूनचा रस्ता सोपा आहे. तिकडे याच जातीच्या पानांचं न्डोले करतात आणि त्यात वाटलेले शेंगदाणे असतात. कोळंबी-मटण वगळा, कच्चे दाणे उकडून बारीक वाटा, कांदा-लसूण-आलं तेलात परता, त्यात दाण्याचं वाटण, पाणी, मीठ, आणि चांगली धुतलेली पानं. हे भाकरीबरोबर इतकं जमतं की घरातल्या मोठ्यांना आफ्रिकन आहे हे सांगावं लागतं. मी त्यात चिंचेचा कोळ किंचित घालतो, कॅमेरूनच्या माणसाला सांगू नका.

औषध म्हणून

इथल्या लोकांची वापरायची रीत अशी: पोट बिघडलं की दोन-चार पानं चावतात, किंवा पानं पाण्यात चोळून ते हिरवं पाणी थोडं पितात. कोवळ्या काडीने दात घासतात. अंगाला खाज असेल तर त्या पाण्याने आंघोळ. तापात, शुगरमध्ये, जंतांवर, सगळ्यावर सांगतात. आपण कडुनिंबाबद्दल जेवढ्या गोष्टी सांगतो तेवढ्याच, आणि गंमत म्हणजे कडुनिंब पण इथे डोंगोयारो नावाने तापावर चालतोच.

यातली सगळ्यात भारी गोष्ट माणसांची नाहीच. टांझानियात टांगानिका सरोवराच्या काठी महाले नावाचे डोंगर आहेत, वाचताना नाशिककडचं आडनाव वाटतं, तिथे १९८७ मध्ये मायकेल हफमन नावाचे संशोधक आणि मोहमदी सैफू कलुंडे हे तिथलेच टोंग्वे जमातीचे, झाडपाल्याचे जाणकार, चिंपांझींच्या मागे फिरत होते. चाउसिकू नावाची एक मादी आजारी होती, सुस्त, खात नव्हती, पोट बिघडलेलं. ती या झुडपापाशी गेली, कोवळी फांदी तोडली, पानं टाकली, साल सोलून टाकली, आणि आतला गाभा चावून रस चोखत बसली. चिंपांझी एरवी हे झाड सहसा खात नाहीत. दुसऱ्या दिवशी ती बरी दिसली. कलुंडेंना हे झाड माहीत होतं, त्यांच्या लोकांत ते पोटदुखी आणि जंतांवर वापरतात. १९८९ मध्ये हे छापून आलं आणि मग प्राणी स्वतःचा इलाज करतात का या विषयावर अभ्यास वाढत गेला.

पण ही गोष्ट सांगताना लोक एक बारकावा गाळतात. तिने पानं टाकून दिली होती. व्हर्नोडॅलिन नावाचं जे तीव्र द्रव्य आहे ते पानांत जास्त आणि गाभ्यात अगदी कमी, आणि जास्त मात्रेत ते विषारी ठरतं असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. म्हणजे आजारी माकडीण जी पानं टाकते तीच आपण मिक्सरला लावून पेलाभर पितो. म्हणून रोज उपाशीपोटी रस हा जो प्रकार व्हॉट्सॲपवर फिरतो त्याच्या मी पूर्ण विरोधात आहे. रोज किती पानं, या प्रश्नाचं माझं उत्तर: औषध म्हणून रोज शून्य, भाजी म्हणून आठवड्यातून एकदा पोटभर.

शुगरचं म्हणाल तर उंदरांवर आणि प्रयोगशाळेत साखर कमी झाल्याचे बरेच निकाल आहेत, माणसांवर मोठ्या चाचण्या नाहीत. आणि खरा धोका तो उपयोग होत नाही याचा नाही, तर होतो याचा आहे. तुमच्या शुगरच्या गोळ्या चालू असतील आणि वर हा रस घेतला आणि दोन्हींनी मिळून साखर खाली गेली तर घाम, थरथर, चक्कर, आणि तुम्ही तेव्हा थर्ड मेनलँड ब्रिजवर ट्रॅफिकमध्ये गाडी चालवत असाल तर काय. घ्यायचंच असेल तर डॉक्टरला सांगून आणि घरी ग्लुकोमीटर ठेवून. गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. गरोदर बायकांनी रस-काढा टाळायचा, अंगावर पाजणाऱ्यांनी पण, आणि लहान मुलांना द्यायचा नाही.

मलेरियाबद्दल मात्र मी कडकच बोलणार. जगातल्या मलेरियाच्या केसेसपैकी साधारण पाव भाग एकट्या नायजेरियात होतात. इथे वाढलेल्या मोठ्या माणसाला लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, तो दोन दिवस पानं चावून तापात काढेल. तुम्ही पुण्याहून, कोल्हापूरहून काल आलाय, तुमच्यात ती नाही. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, पॉझिटिव्ह आली की आर्टिमिसिनिनवाल्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स, दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी गोळ्या संपवायच्या. सुट्टीवर भारतात गेल्यावर ताप आला तर तिथल्या डॉक्टरला आधी सांगा की मी नायजेरियातून आलोय, ते कधीकधी डेंगीच शोधत बसतात. बिटर लीफ यात कुठेच येत नाही.

घरी पाठवायचं असेल तर

सुट्टीवर जाताना बॅगेत फांद्या टाकून नेऊ नका. जिवंत रोप किंवा फांदी भारतात न्यायला आयातीचा परवाना आणि इथलं पीक-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर काढून घेतात, आणि ते बरोबरच आहे, मुळांबरोबर काय किडे-रोग जातील सांगता येत नाही. भारतातल्या काही नर्सऱ्यांत आता आफ्रिकन बिटर लीफ म्हणून रोप मिळतं, सिंगापूर-मलेशियात तर लोक कुंडीत सर्रास लावतात, तिकडच्या मंडळींना तिथेच घ्यायला सांगा. कोकणात किंवा गोव्यात लावणार असाल तर जून सुरू व्हायच्या आधी लावून पाण्याचा निचरा बघा, बाकी सगळं वर लिहिलंय तसंच. आणि आईने फोनवर "शुगरला पावडर पाठव" म्हटलं तर आधी तिला विचारा सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, त्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मागवा, आणि तो तिच्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय काही पाठवू नका.